दीपमाळेचं तेल

"म्या न्हाई उतरायचा," असं म्हणून मामंजींनी पोकलेनच्या केबिनचं दार ओढून घेतलं आणि आतून खिट्टी लावली.

पोकलेन उभं होतं नदीच्या पात्रात, ऐन मधोमध. आणि वरच्या धरणातनं पाणी सुटलेलं. पाटकरी सायकलवरून येऊन काठावरनंच ओरडून गेला होता, "आवर्तन सुटलंय! दिवस मावळायला पाणी इथं येतंय. काय असल नसल ते वर घ्या!" चैत्राचा महिना, खालच्या गावांची जनावरं पाण्यावाचून हंबरत होती. आमच्या एका यंत्रासाठी ते पाणी कोण थांबवणार होतं?

"दादा, खाली या हो," आमचे हे हात जोडून म्हणाले. ह्यांचं नाव सर्जेराव. माणूस भला, पण बापापुढं आवाज म्हणून निघायचा नाही. "मशीन गेलं तर जाऊ दे. तुमी या."

"जाऊ दे म्हंतोस?" आतनं आवाज आला. "माझं जनावर पाण्यात आन् मी काठावर, आसं आजवर झालंय का कधी?"

आता हे जनावर कसलं, ते सांगायला हवं. माझे सासरे गेनबा गवळी. सगळी हयात म्हशींत गेली त्यांची. पुढं चारा मिळेनासा झाला, दुधाला गिऱ्हाईक राहिलं नाही, तेव्हा ह्यांनी बापाच्या हातापाया पडून अख्खा गोठा विकायला लावला आणि हे पोकलेन घेतलं. शेवटची म्हैस गेली ती काशी. ती टेम्पोत चढेना, तेव्हा मामंजींनीच तिच्या कानात काहीतरी सांगून तिला चढवली, आणि चार दिवस अन्नाला शिवले नाहीत. यंत्र दारात आलं तेव्हा त्याच्या बकेटला हळदीकुंकू लावलं, काशीच्या गळ्यातली घंटा केबिनमध्ये टांगली आणि म्हणाले, "हीच आता काशी." तेव्हापासून आमच्या घरात पोकलेन कुणी म्हणायचंच नाही. काशी आली, काशी गेली, काशीला धुतलं. शेजारपाजारचे हसायचे. हसू देत.

काशी त्या दिवशी पिंपळखडक गावाच्या जॅकवेलचं खोदकाम करत होती. जॅकवेल म्हणजे नदीच्या पात्रातली पिण्याच्या पाण्याची विहीर. वर काठावर जानाईचं देऊळ, दुसऱ्या दिवशी जत्रा, बायाबापड्यांची लगबग. आम्हीही देवळाशेजारीच पाल ठोकून राहिलो होतो. आणि भरदुपारी काशीचा जाड रबरी पाइप फाटकन् फुटला. आतलं तेल धारेनं वाळूत सांडलं, आणि काशी जी थांबली ती थांबलीच. गावातले दोन ट्रॅक्टर साखळदंड लावून ओढून दमले. ह्या यंत्राचं सगळं बळ तेलाच्या दाबात; दाब गेला की त्याच्या चेनी जागच्या जागी आवळून बसतात. हत्ती आणून जुंपला असता तरी ते हाललं नसतं.

पाइप ह्यांच्याकडं जादा होता, तो ह्यांनी बसवला. बॅरलात तेलही उरलं होतं, पण धडधाकट पाइप असा फुटलाच कसा, ते कळेना. विचारायला तालुक्याला जाऊन यायचं तर अंधारच पडणार. मग ह्यांनी रज्जाक मिस्त्रीला फोन लावला. मिस्त्री दुसऱ्या जिल्ह्यात कामावर, आणि त्याचा आवाज असा खणखणीत की फोन कानाला न लावताच सगळ्यांना ऐकू यायचा.

"पाइप का फुटला? तेल कुठलं घातलं होतं?"

ह्यांनी बॅरलवरचा नंबर वाचून दाखवला.

"या अल्ला! सर्जेराव, ते गिअरात घालायचं तेल आहे! गुळाच्या काकवीसारखं घट्ट! पंपाला ते ओढवत नाही की पुढं ढकलवत नाही. पाइप फुटणार नाही तर काय होणार? कुणी आणलं ते?"

ह्यांनी फोनवर हात ठेवला. आणि मामंजी तिथंच उभे होते.

तेल त्यांनीच आणलं होतं. आठवड्याभरापूर्वी. ह्यांना वेळ नव्हता म्हणून म्हातारा टेम्पोत बसून तालुक्याला गेला. दुकानदारानं दोन तेलं पुढं ठेवली. मामंजींनी दोन्हीत अंगठा बुडवला, बोटावर बोट घासून बघितलं. जन्मभर दूध तसंच पारखलं होतं ना! पातळ ते पाण्याचं, घट्ट ते कसाचं. एकाला म्हणाले, "ह्यात भेसळ हाय." दुसऱ्याला म्हणाले, "ह्ये खरं. साय धरंल ह्याच्यावर." आणि मोठ्या कौतुकानं ते घट्ट तेल घेऊन आले. घरी कुणी बघितलंच नाही, ओतलं टाकीत. तेव्हापासून काशी कण्हत होती. मला ऐकू यायचं, पण वाटायचं, दगड लागला असेल.

रज्जाकचं बोलणं ऐकून मामंजींचा चेहरा असा पडला की मला बघवेना. कोरड्या पात्रातनं चालत गेले, काशीवर चढले आणि दार लावून घेतलं.

तर ही अशी गत. कुणी म्हणेल, म्हाताऱ्याला उचलून आणायचं, त्यात काय? अहो, आणलाच असता. चार गडी चढले असते, काच फोडली असती, ओढून काढला असता. पण डोळ्यांदेखत काशी बुडाली, आणि तीही आपल्या अंगठ्यापायी, हे बघून तो माणूस पुढं जगला असता का? गोठा विकला तेव्हाच अर्धा खचला होता. त्याला नुसता बाहेर काढून भागणार नव्हतं. काशीसकट काढायला हवा होता.

ह्यांनी घाईघाईनं त्याच घट्ट तेलाच्या बॅरलला हात घातला. "वर चढंस्तवर तरी चालंल," म्हणाले.

मी फोन हिसकावून पुन्हा रज्जाकला लावला. "मिस्त्रीभाऊ, हेच पुन्हा घातलं तर?"

"नवा पाइप फुटेल, नाहीतर पंप बसेल. भाभी, ते टाकीत उरलेलंसुद्धा काढून टाका. आणि घाबरून ब्रेक ऑइल ओतू नका, आतलं रबर खाऊन टाकतं. ट्रॅक्टरचं काळं तेल नको, त्यात कचरा असतो."

"मग घालू काय? पाणी?"

"पाणी तर अजिबात नाही! सेहेचाळीस नंबरचं लागतं. ते नसेल तर त्याच्यासारखं वाहणारं. जास्त घट्ट नको, जास्त पातळ नको, आणि स्वच्छ पाहिजे. काय मिळतंय ते…" फोन तुटला.

त्याच्यासारखं वाहणारं. हे शब्द माझ्या डोक्यात बसले.

माझं माहेर तेलघाण्याचं. शेंगतेल, करडी, तीळ, सगळी तेलं मी हातावर धरून वाढले. वडील ताट तिरपं करून तेलाचे थेंब सोडायचे आणि कुठलं कसं पळतंय ते बघायचे. आणि सासर हे असं दुधातुपाचं. आमचं लग्न झालं ते ह्यांच्या हट्टानं. मामंजींनी मोडता घातला नाही, पण त्या दिवसापासून माझ्या हातचं तेलात तळलेलं कधी तोंडात घातलं नाही. "आमच्यात तूप खात्यात," एवढंच म्हणायचे. त्यांच्या आमटीला तुपाची फोडणी मी वेगळी द्यायची. मला नावानं हाक नाही, सूनबाई नाही. "घाणेवाल्याची," बस्स.

मी धावत देवळाकडं गेले. तिथं बाया जत्रेचं तळण तळत बसल्या होत्या. एकीच्या हातातलं ताट घेतलं, कढईशेजारच्या डब्यातलं वाटीभर शेंगतेल घेतलं, आणि पळत खाली आले.

"शालन, काय खुळ लागलं का तुला?" हे म्हणाले.

"तुम्ही फक्त आधीच्या बऱ्या तेलाचा डबा बघा. तळाला काही उरलंय का?"

होतं, चमचाभर. ताटाच्या कडेला तीन थेंब ठेवले: एक त्या खऱ्या तेलाचा, एक घट्ट तेलाचा, एक शेंगतेलाचा. आणि ताट हळूच तिरपं केलं. घट्ट तेलाचा थेंब हलायलाच तयार नाही, नव्या नवरीसारखा लाजत बसला. खरं तेल निघालं. आणि त्याच्या बाजूनं, जरासंच पुढं, शेंगतेल. जणू दोन बहिणी पाण्याला निघाल्या होत्या.

ह्यांनी ताटाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "आगं, पण एवढं शेंगतेल आणायचं कुठनं? डबेच्या डबे लागतील!"

मी देवळाकडं बोट केलं.

पिंपळखडकची एक रीत होती. जत्रेच्या आधी प्रत्येक घरानं आपल्या शेतातल्या शेंगांचं तेल तांब्याभर आणायचं आणि देवळातल्या मोठ्या तांब्याच्या हंड्यांत ओतायचं. गरिबाचं, श्रीमंताचं, सगळं एकत्र. त्यावर जत्रेच्या दिवशी दीपमाळ पेटायची. हंडे तोंडापर्यंत भरले होते.

आम्ही दोघं देवळात गेलो. पुजारी भिवा गुरव, म्हातारा आणि नेमाचा कडक. सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "मशीन आमच्याच पाण्यासाठी राबतंय, ते मला दिसतंय. पर त्याल माझं न्हाई. आईचं हाय. आईला इचारल्याबिगर थेंब देणार न्हाई."

"मग विचारा की हो, लवकर विचारा!"

"कौल लावावा लागंल."

कौल म्हणजे देवीच्या कपाळावर फुलाची पाकळी पाण्यानं चिकटवायची. उजवीकडं पडली तर होकार, डावीकडं पडली तर नकार. आणि पडेस्तवर बसून राहायचं. भिवा गुरवानं शांतपणे हातपाय धुतले, पाकळी लावली आणि डोळे मिटले. झालं! पाकळी काही पडेना. गाभाऱ्यात आम्ही घामाघूम. दारातनं मला नदीचं पात्र दिसत होतं, पिवळी काशी दिसत होती, आणि केबिनमधला पांढरा फेटा. ऊन उतरायला लागलं होतं. ह्यांच्या तोंडाला फेस यायचा बाकी होता.

"आई, दे गं काहीतरी कौल," मी पुटपुटले. "नाहीतर सरळ नाही म्हण, मी दारोदार हिंडते."

भिवा गुरवाची बायको हौसाबाई खांबाला टेकून बसली होती. गुडघे दुखतात म्हणून सहसा उठायची नाही. ती हळूच उठली. एकदा दारातनं खाली नदीत बघितलं, मग देवीकडं बघितलं.

"व्हय वो," नवऱ्याला म्हणाली, "आईला उकडतंय की. बघा कसा घाम आलाय तिला."

आणि मुंबईकरांनी देवळाला दिलेला टेबलफॅन तिनं उचलला, देवीच्या डाव्या अंगाला ठेवला आणि बटण दाबलं.

पाकळी उडाली ती थेट उजवीकडं, पार समईपाशी जाऊन पडली.

भिवा गुरवानं डोळे उघडले. पाकळीकडं बघितलं, पंख्याकडं बघितलं, बायकोकडं बघितलं. क्षणभर मला वाटलं, आता हा ओरडतोय. पण त्यानं दोन्ही हात जोडून कपाळाला लावले आणि म्हणाला, "उजवा कौल झाला. उचला हंडं!"

मग काय विचारता! गावातल्या बायकांनी घागरी, कळश्या, बादल्या, हाताला येईल ते घेतलं आणि काठापासनं काशीपर्यंत रांग लागली. ह्यांनी टाकीतलं उरलेलं घट्ट तेल रिकाम्या बॅरलमध्ये सोडून घेतलं. गड्यांनी सांडलेल्या तेलाची वाळू फावड्यानं भरून वर नेली. त्याच नदीचं पाणी सगळ्यांना प्यायचं होतं. पहिली घागर ह्यांच्या हातात आली आणि हे ती टाकीत उपडी करणार, एवढ्यात केबिनची काच सरकली.

"आरं ए शहाण्या! गाळल्याबिगर वततोस व्हय?"

मामंजींचा आवाज! इतका वेळ म्हातारा मिटून बसला होता, तो एकदम गवळ्याच्या आवाजात ओरडला. "घराघरांतलं त्याल हाय त्ये! मुंगळं आसत्याल, शेंगंची टरफलं आसत्याल! दूध कवा बिनगाळलं वतलंय का आपण?"

"दादा, फडकं न्हाई स्वच्छ!"

मग खिडकीतनं पांढरं काहीतरी भिरभिरत खाली आलं. मामंजींचा फेटा. जत्रेचं गाव म्हणून सकाळीच धुतलेला घातला होता.

"चारपदरी कर! आन् मधी खळगा ठिव, कडंनं सांडंल! घाणेवाल्याची, तू धर ते टोक!"

मी एक टोक धरलं, ह्यांनी दुसरं. तेल फेट्यातनं सोन्यासारखं खाली उतरत होतं आणि वर खरंच मुंगळे, टरफलं, कुठं केसाची बटसुद्धा राहत होती. मामंजी वरून सारखं बजावत होते, "दमानं. दमानं. घाई केली की गाळ खाली जातो." घाई कुणाला आहे आणि दम कुणाला, मला हसावं की रडावं कळेना.

शेवटची कळशी रिकामी झाली तेव्हा सूर्य टेकडीला टेकला होता.

"दादा, आता तरी उतरा. मी चालवतो."

खिट्टी निघाली. "तू ये आत. मी हाय हितंच." मामंजी बाजूला सरकले. हे आत घुसले. बापलेक त्या एवढ्याशा केबिनमध्ये खेटून बसले आणि ह्यांनी चावी फिरवली.

इंजिन सुरू झालं. काशी थरथरली. हे दांडा हळूच ओढत होते, आणि काही होईना. वरच्या वळणावरनं कुणीतरी ओरडलं, "पाणी आलं! पाणी आलं!" मी तिकडं बघितलं. फेसाळ, मातकट, पालापाचोळा पुढं ढकलत ते येत होतं. पूर नव्हे, पण काशीच्या पोटापर्यंत तर नक्कीच चढलं असतं.

"जानाई!" मी ओरडले. दुसरं काही सुचलंच नाही.

आणि काशीचा हात हलला. आधी इंचभर, मग हातभर, मग सरळ वर उचलला गेला. आणि ते कण्हणं? ते नव्हतंच! आठवडाभर जे यंत्र ओझ्याखाली मेल्यासारखं कण्हत होतं, ते आता नुसतं गुरगुरत होतं. चेनी फिरल्या. केबिनमधली घंटा वाजायला लागली, टण्, टण्, अगदी गोठ्याकडं परत येणाऱ्या म्हशीसारखी. आणि सगळ्या नदीत वास सुटला. कसला म्हणाल? भज्यांचा! गरम शेंगतेलाचा असा घमघमाट, की काठावरच्या बाया पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

उतार खडा होता. अर्ध्यावर चेनी वाळूत घसरल्या आणि माझा जीव पुन्हा खालीवर झाला. पण ह्यांनी काशीचा हात लांब वर टाकला, बकेटचे दात काठात रोवले, आणि त्या हाताच्याच जोरावर तिला वर ओढून घेतलं. पाणी आलं ते तिच्या मागच्या चेनीला जेमतेम शिवून पुढं गेलं. काशी काठावर, देवळापुढच्या सपाटीवर, घंटा वाजवत उभी राहिली. मी तिथंच मटकन् खाली बसले. असं हलकं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

पुढचंही सांगून टाकते. दुसऱ्या दिवशी रज्जाक मिस्त्री आला, टाकी उघडली, वास घेतला आणि कपाळाला हात लावला. "भाभी, काशीच्या पोटात भजी तळली काय?" मग सगळं काढून, धुऊन, खरं तेल घातलं. "एका दिवसापुरतं भागलं," म्हणाला, "रोज घालाल तर आत गोंद होईल." दीपमाळही पेटली. सकाळी प्रत्येक घरानं पुन्हा तांब्याभर तेल आणून दिलं, कुणी न मागता. त्यानंतर मामंजी होते तोवर दर चैत्रात पिंपळखडकला आमच्या घरचं तेल जात राहिलं. आज मामंजी नाहीत, काशीही नाही, तिच्या जागी दुसरी आली. घंटा मात्र नव्या केबिनमध्ये आहे, आणि तेल आणायला तालुक्याला मीच जाते. अंगठा बुडवत नाही, नंबर वाचते.

पण त्या संध्याकाळचं एक सांगायचं राहिलं.

मामंजी केबिनमधनं उतरले. बोडक्या डोक्यानं. त्यांना बिनफेट्याचं मी पहिल्यांदाच बघत होते. किती लहान दिसत होते ते! काशीच्या चेनीवरनं त्यांनी एकदा हात फिरवला. मग काशीकडनं येणारा तो भज्यांचा वास त्यांनी छाती भरून आत ओढला, आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले. माझ्या हातात त्यांचा फेटा, तेलानं चिंब.

"धुऊन देते उद्या, मामंजी," मी म्हणाले.

"ऱ्हाऊ दे." ते देवळाकडं बघत होते, जिथं बायांची कढई अजून चुलीवर होती. "सकाळधरनं पोटात काय न्हाई, शालन. भूक लागलीया."

शालन म्हणाले. मला ऐकू आलं, आणि ह्यांनाही ऐकू आलं, कारण हे चटकन् दुसरीकडं बघायला लागले.

"भाकरी आणू? तूप आहे डब्यात."

"तूप कशाला?" मामंजी चुलीजवळ मांडी घालून बसलेसुद्धा. "भजी कर. त्यालात."